कार्यालयासाठी एन्क्रिप्टेड पोर्टेबल एसएसडी: कुलूप तपासून घ्या

पोर्टेबल एसएसडीच्या जवळजवळ प्रत्येक खोक्यावर हल्ली ‘२५६-बिट एईएस’ असं छापलेलं असतं. एईएस ही डेटा चावीशिवाय वाचता येऊ नये असा बदलून ठेवण्याची, म्हणजे एन्क्रिप्ट करण्याची, रूढ पद्धत. छापलेलं ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण तेवढ्यावरून कुठला ड्राइव्ह घ्यावा हे कळत नाही. ज्या ड्राइव्हची कुलपं संशोधकांनी उघडून दाखवली, त्यांत एईएसचं गणित कुठेच मोडलेलं नव्हतं. कुठे पासवर्ड बरोबर आहे की नाही हे संगणकावरचं सॉफ्टवेअर ठरवत होतं, कुठे डेटाची चावी पासवर्डशी बांधलेलीच नव्हती, तर कुठे पिन कितीही वेळा चुकवता येत होता. तिजोरी पोलादी आणि कडी-कोयंडा पत्र्याचा, असा प्रकार. म्हणून निवड करताना मोजकेच प्रश्न धरून ठेवा: चावी कुठे तयार होते, पिन कोण तपासतं, चुका कोण मोजतं आणि पिन हरवल्यावर कंपनीच्या हातात काय उरतं. वेग, आकार आणि किंमत यांची पाळी त्यानंतर.

ड्राइव्ह कुठे कुठे लागणार आहे?

खरेदीच्या आधी एका कागदावर चार ओळी लिहा. ड्राइव्हवर काय जाणार, तो कोण बाळगणार, कुठल्या कुठल्या यंत्रांना जोडला जाणार, आणि त्या यंत्रांवर सॉफ्टवेअर बसवण्याची मुभा आहे का. यातली शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. ग्राहकाच्या कार्यालयातला संगणक, तपासणीचं वैद्यकीय यंत्र, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, कारखान्यातला नियंत्रण-संगणक अशा ठिकाणी तुम्हाला काहीच बसवता येत नाही. तिथे ड्राइव्ह स्वतःच्या कीपॅडवरच उघडणारा हवा. उलट, ड्राइव्ह फक्त कंपनीच्याच लॅपटॉपांना लागणार असेल, तर कदाचित तुम्हाला महागडा एन्क्रिप्टेड ड्राइव्ह घेण्याची गरजही नाही.

त्या दुसऱ्या शक्यतेचा आधी निकाल लावू. सगळे लॅपटॉप विंडोजच्या प्रो किंवा एंटरप्राइझ आवृत्तीवर असतील, तर चांगला साधा एसएसडी आणि त्यावर विंडोजमधलंच बिटलॉकर टू गो हे एन्क्रिप्शन ही जोडी पुष्कळ कार्यालयांना पुरते. होम आवृत्तीवर असा ड्राइव्ह पासवर्ड टाकून उघडता येतो, पण बिटलॉकर चालू करता येत नाही. चालू करताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, ड्राइव्ह आधी वापरलेला असेल तर ‘फक्त वापरलेली जागा’ हा पर्याय निवडू नका. पुसलेल्या जुन्या फायलींचे अवशेष उघडेच राहतात. संपूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट करा. दुसरी, काढता येणाऱ्या ड्राइव्हसाठी विंडोज मुळात १२८-बिट एईएस-सीबीसी वापरतं (सीबीसी, एक्सटीएस या एईएस डेटावर लावण्याच्या वेगवेगळ्या पद्धती). कंपनीच्या धोरणात २५६-बिट एक्सटीएस हवं असेल तर ते ग्रुप पॉलिसीत, म्हणजे कंपनीच्या सगळ्या संगणकांना नियम लावण्याच्या विंडोजच्या सोयीत, आधी बदलावं लागतं. एकदा एन्क्रिप्ट झालेल्या ड्राइव्हवर नुसतं धोरण बदलून काही होत नाही. तिसरी, पासवर्ड विसरल्यावर लागणारी ४८ अंकांची रिकव्हरी की कर्मचाऱ्याच्या डेस्कटॉपवर फाइल म्हणून ठेवू देऊ नका. ती कंपनीच्या डिरेक्टरीत (खाती आणि संगणकांच्या मध्यवर्ती नोंदीत) आपोआप जमा होईल अशी पॉलिसी लावा.

मॅक आणि विंडोज दोन्ही असतील तर अडचण सुरू होते. बिटलॉकरचा ड्राइव्ह मॅक स्वतःहून उघडत नाही, मॅकच्या एपीएफएस या फाइल प्रणालीत एन्क्रिप्ट केलेला ड्राइव्ह विंडोज ओळखत नाही. व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर दोन्हीकडे आणि लिनक्सवरही चालतं, पण जिथे ते आधी बसवलेलं नाही तिथे चालवायला अ‍ॅडमिन हक्क लागतात. बाहेरच्या संगणकावर ते मिळत नाहीत आणि मग कर्मचारी वैतागून फाइल साध्या पेनड्राइव्हवर टाकून नेतो. असा मिश्र कारभार असेल तर हार्डवेअर एन्क्रिप्शनचा ड्राइव्हच घ्या.

चावी आणि पिन यांचं नातं

हार्डवेअर एन्क्रिप्शनच्या ड्राइव्हमध्ये एक कंट्रोलर चिप असते. डेटा फ्लॅश मेमरीत जाताना ती तो एन्क्रिप्ट करते, परत येताना उलगडते. हे काम ज्या चावीने होतं ती डेटाची चावी. चांगल्या ड्राइव्हमध्ये ती चिपमधल्या यादृच्छिक संख्या बनवणाऱ्या भागातूनच जन्मते आणि कधीच बाहेर येत नाही. तुमचा पिन ही चावी नव्हे. पिनवरून दुसरी एक चावी तयार होते आणि तिने डेटाची चावी गुंडाळून ठेवलेली असते. म्हणूनच पिन बदलला तरी १ टीबी डेटा पुन्हा एन्क्रिप्ट करावा लागत नाही. फक्त गुंडाळी बदलते. आणि म्हणूनच डेटाची चावी नष्ट केली की सगळा ड्राइव्ह क्षणात निरुपयोगी अक्षरांचा ढीग होतो.

आता यातून निघणारा धोका पाहा. डेटाची चावी पिनने गुंडाळलेलीच नसेल आणि फर्मवेअर (ड्राइव्ह चालवणारा आतला प्रोग्रॅम) फक्त ‘पिन जुळला का?’ एवढं विचारून दार उघडत असेल, तर फर्मवेअरमधला तो एक प्रश्न वगळला की काम झालं. हे कल्पनेतलं नाही. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये नेमकं हेच अनेक एसएसडींवर दाखवलं. त्यांत सॅमसंगचे टी३ आणि टी५ हे पोर्टेबल ड्राइव्हही होते. त्या वेळी बिटलॉकर ड्राइव्हच्या स्वतःच्या एन्क्रिप्शनवर विसंबून राहत असे. पुढे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही मूळ मांडणी बदलून सॉफ्टवेअर एन्क्रिप्शनकडे वळवली.

‘खोक्यावर एईएस-२५६ आहे’ आणि ‘ड्राइव्ह सुरक्षित आहे’ यांच्यातलं अंतर ते हेच. विक्रेत्याला लेखी विचारा: डेटाची चावी ड्राइव्हमध्येच तयार होते का, ती पिनपासून निघालेल्या चावीने गुंडाळलेली असते का, आणि रीसेट केल्यावर नवी चावी बनते का. तिन्हीला स्पष्ट ‘हो’ मिळालं नाही तर पुढचं मॉडेल पाहा.

एन्क्रिप्शनची पद्धतही विचारून घ्या. एक्सटीएस असेल तर ठीक. साठवणीच्या उपकरणांसाठी तीच रूढ आहे. ईसीबी असेल तर ड्राइव्ह हातात घेऊ नका. ईसीबीत सारख्या मजकुराचे सारखेच तुकडे बाहेर पडतात, त्यामुळे चावी माहीत नसली तरी मूळ डेटाची ठेवण दिसते. २०२२ मध्ये जर्मनीच्या एसवायएसएस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकाने कीपॅड असलेल्या काही तयार उत्पादनांत ईसीबी सापडल्याचं प्रसिद्ध केलं. त्यातल्या एका ड्राइव्हबद्दल २० चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूप कायमचं बसेल असा दावा होता, प्रत्यक्षात २० च्या पुढेही प्रयत्न करता येत होते.

दार कसं उघडतं

सर्वांत स्वस्त प्रकारात ड्राइव्ह जोडला की फक्त वाचता येणारा एक छोटा विभाग दिसतो, त्यात अनलॉक करण्याचं सॉफ्टवेअर असतं, आणि पासवर्ड संगणकाच्या कीबोर्डवर टाकायचा असतो. इथे दोन प्रश्न उभे राहतात. त्या संगणकावर कीबोर्डचे ठोके टिपणारा प्रोग्रॅम असेल तर पासवर्ड गेला. आणि पासवर्ड तपासतो कोण? जानेवारी २०१० मध्ये नामांकित कंपन्यांच्या एन्क्रिप्टेड पेनड्राइव्हमध्ये असं उघड झालं की तपासणी संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये होत होती, आणि पासवर्ड बरोबर निघाला की ड्राइव्हला दर वेळी एकच ठरलेला संदेश जात होता. तो संदेश थेट पाठवला की कुठलाही पासवर्ड न टाकता ड्राइव्ह उघडायचा. त्या पेनड्राइव्हना फिप्स १४०-२ या अमेरिकी सरकारच्या सुरक्षा-प्रमाणाचं दुसऱ्या पातळीचं प्रमाणपत्र होतं, हे विशेष लक्षात ठेवा.

या प्रकाराच्या रोजच्या कटकटीही आहेत. काही ड्राइव्हना विंडोजमध्ये लागोपाठची दोन मोकळी ड्राइव्ह-अक्षरं लागतात. त्यातलं एक अक्षर नेटवर्क फोल्डरने अडवलेलं असेल तर ड्राइव्ह ‘उघडतो पण दिसत नाही’. कंपनीच्या पॉलिसीने सीडी-ड्राइव्ह बंद केले असतील तर अनलॉकचा विभागच येत नाही, कारण तो सीडी म्हणूनच ओळख देतो. मॅकची प्रणाली अद्ययावत झाली की जुनं अनलॉक सॉफ्टवेअर बंद पडू शकतं.

कीपॅड किंवा टचस्क्रीन असलेल्या ड्राइव्हमध्ये पिन ड्राइव्हच्या बाहेर जातच नाही. उघडल्यावर तो संगणकाला साध्या ड्राइव्हसारखा दिसतो, म्हणून विंडोज, मॅक, लिनक्स, रेकॉर्डर, प्रिंटर सगळीकडे चालतो. व्यवसायासाठी आम्ही बहुतेक वेळा हाच प्रकार सुचवतो. घेताना पाहण्यासारखं: बटणांवर बोटांच्या वापराने झीज दिसू नये असा लेप आहे का (नेहमीचे सहा-सात अंक चकाकायला लागले की शोधण्याची व्याप्ती फार कमी होते), टचस्क्रीन असेल तर अंकांची जागा दर वेळी बदलते का, आणि पिन किमान किती अंकी ठेवता येतो.

बोटाच्या ठशाने उघडणारे ड्राइव्ह सोयीचे, पण जवळपास सगळ्यांत ठशाच्या मागे एक पासवर्ड असतोच. चोर त्यातला कमजोर रस्ता निवडणार. म्हणजे ठसा असला तरी पासवर्ड लांबच हवा. मोबाइल अ‍ॅपने ब्लूटूथवरून उघडणारे ड्राइव्ह ज्या ठिकाणी मोबाइल आत नेऊ देत नाहीत तिथे उघडणारच नाहीत, एवढं तरी घेण्याआधी पाहा.

पिनचं साधं गणित

सात अंकी पिनच्या १ कोटी शक्यता होतात. ड्राइव्ह १० चुकांनंतर चावी नष्ट करत असेल, तर अंदाजाने पिन लागण्याची शक्यता दहा लाखांत एक. हे पुरेसं आहे. पण मोजणी ड्राइव्हच्या सुरक्षित चिपमध्ये होत नसेल आणि कुणी मेमरीतला मजकूर बाहेर काढून संगणकावर पिन तपासू शकत असेल, तर सेकंदाला १ लाख प्रयत्नांच्या हिशेबाने त्याच १ कोटी शक्यता १०० सेकंदांत संपतात. आठवा अंक वाढवला तरी सतरा मिनिटं. म्हणजे अंकी पिनची सगळी ताकद त्या मोजणीवर उभी आहे. नुसत्या लांबीने ती येत नाही. मोजणी कुठे होते, वीज काढून घेतली तर आकडा पुन्हा शून्यावर जातो का, हे दोन प्रश्न विचाराच. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही स्वतःही तपासू शकता, ते पुढे येईल.

ज्या ड्राइव्हवर अक्षरंही टाकता येतात तिथे चार-पाच असंबद्ध शब्दांचा पासवर्ड ठेवा. कारखान्यातून ठरावीक पिन घेऊन येणारा ड्राइव्ह असेल तर तो पिन माहितीपुस्तिकेत छापलेला असतो आणि सगळ्या जगाला माहीत असतो. पहिल्याच वापरात नवा पिन ठेवल्याशिवाय पुढे जाऊ न देणारा ड्राइव्ह केव्हाही बरा. आणि काही ग्राहक-वर्गाच्या ड्राइव्हमध्ये पासवर्ड ठेवणं ऐच्छिक असतं: डेटा आत एन्क्रिप्टच असतो, पण पासवर्ड ठेवला नाही तर जोडणाऱ्या कुणालाही तो सरळ दिसतो. असे ड्राइव्ह कर्मचाऱ्यांच्या भरवशावर वाटू नका.

प्रमाणपत्र वाचताना

फिप्स १९७ आणि फिप्स १४० यांत गल्लत होते आणि जाहिराती ती होऊ देतात. फिप्स १९७ म्हणजे एईएसचं प्रमाण, २००१ चं. त्याचा अर्थ एवढाच की एईएस नीट राबवलं आहे. पिनची तपासणी, चावीची साठवण, कवच उघडण्याला प्रतिकार यातलं काही त्यात येत नाही. फिप्स १४०-२ आणि त्याच्या जागी २०१९ मध्ये आलेलं फिप्स १४०-३ हे पूर्ण क्रिप्टोग्राफिक घटकाची तपासणी करतं, चार पातळ्यांवर. दुसऱ्या पातळीवर छेडछाड झाल्याची खूण राहावी लागते. तिसऱ्या पातळीवर छेडछाडीला प्रतिकार हवा; म्हणून अशा ड्राइव्हमध्ये चिपांवर कडक इपॉक्सी ओतलेलं असतं, ते उकरायला गेलं तर चिपच मोडते. गोपनीय डेटा बाहेर फिरणार असेल तर तिसरी पातळी मागा.

‘फिप्स कम्प्लायंट’ आणि ‘फिप्स व्हॅलिडेटेड’ हे शब्द सारखे नाहीत. पहिला कंपनीचा स्वतःचा दावा, दुसऱ्याला प्रमाणपत्र क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या संकेतस्थळावरच्या प्रमाणित घटकांच्या यादीत शोधा. तिथे तीन गोष्टी जुळवा: उत्पादनाचा मॉडेल क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती आणि स्थिती ‘चालू’ आहे का. प्रमाणपत्र विशिष्ट फर्मवेअरलाच असतं. आणि तारीख पाहा: १४०-२ ची उरलेली सगळी प्रमाणपत्रं २१ सप्टेंबर २०२६ नंतर ऐतिहासिक यादीत जातात. याचा अर्थ ते ड्राइव्ह दुसऱ्या दिवशी असुरक्षित होतात असा नाही, पण निविदेत किंवा करारात ‘चालू प्रमाणपत्र’ अशी अट असेल तर १४०-३ चाच ड्राइव्ह लागेल.

२०१० चं उदाहरण इथे पुन्हा आठवा. प्रमाणपत्र चिपला होतं. चूक तिच्या बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. प्रमाणपत्राच्या कागदपत्रात ‘घटकाची सीमा’ कुठपर्यंत धरली आहे ते वाचलं की हे आधीच कळतं. पिन टाकण्याचा भाग त्या सीमेच्या आत असलेला ड्राइव्ह निवडा. फर्मवेअरवर डिजिटल सही आहे का हेही विचारा. सही नसलेलं फर्मवेअर बदलून ड्राइव्हला संगणकासमोर कीबोर्ड म्हणून उभं करता येतं, हा बॅडयूएसबी प्रकार २०१४ पासून सर्वांना ठाऊक आहे.

वेग, क्षमता, केबल

कीपॅडचे बरेच ड्राइव्ह ५ गिगाबिटच्या जोडणीवर चालतात आणि सेकंदाला साधारण २५० ते ३५० एमबी देतात. २०० जीबी हलवायला सेकंदाला ३०० एमबीने अकरा मिनिटं लागतात, १,००० एमबीने साडेतीन. रोज एकदा बॅकअप घेणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. व्हिडिओ थेट ड्राइव्हवरून संपादित करणाऱ्याला जाणवतो. २० गिगाबिटचा ड्राइव्ह घेतला आणि लॅपटॉपचं पोर्ट त्या जातीचं नसेल तर वेग १० गिगाबिटवरच येतो. चुकीची केबल लागली तर ड्राइव्ह यूएसबी २ वर घसरतो आणि तेच २०० जीबी सव्वा तासाहून जास्त वेळ घेतात. ड्राइव्ह ‘मंद’ असल्याच्या तक्रारीत आधी केबल बदलून पाहा, मग हब काढून. वीज न पुरवणाऱ्या हबवर ड्राइव्ह मधूनच कुलूपबंद होतो, कारण वीज क्षणभर पडली तरी त्याच्या दृष्टीने तो काढून घेतलेला असतो.

छापलेला वेग पहिल्या काही जीबींपुरता खरा असतो. जलद कॅशे (डेटा आधी जिथे लिहिला जातो ती तात्पुरती जागा) भरली की विशेषतः क्यूएलसी मेमरीचे (एका पेशीत चार बिट ठेवणारे) ड्राइव्ह फार खाली येतात. मोठ्या फायली सलग लिहायच्या असतील तर टीएलसी (पेशीत तीन बिट ठेवणारी) मेमरी मागा. १ टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसतो, ती फसवणूक नव्हे, मोजण्याची पद्धत वेगळी.

फाइल प्रणालीचं थोडक्यात: फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. मॅकही असेल तर एक्सएफएटी, पण त्यात जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेले बदल सावरणारी नोंद, नसतं. लिहिणं चालू असताना केबल ओढली तर फोल्डरच बिघडू शकतो. ‘सुरक्षितपणे काढा’ ही सवय अशा ठिकाणी सक्तीची करा.

दहा ड्राइव्ह झाले की

एक-दोन ड्राइव्ह असतील तोवर वही पुरते. त्यापुढे अ‍ॅडमिन आणि वापरकर्ता असे वेगळे पिन असलेलेच ड्राइव्ह घ्या. वापरकर्ता पिन विसरला तर अ‍ॅडमिन ड्राइव्ह उघडून नवा पिन देतो, डेटा जात नाही. अ‍ॅडमिन पिन आधी आणि कंपनीनेच ठेवायचा; नवा ड्राइव्ह थेट कर्मचाऱ्याच्या हातात दिला आणि त्याने पहिला पिन ठेवला तर अ‍ॅडमिन तोच होतो. नोकरी सोडताना तो पिन सांगायचा विसरला तर त्या डेटाला मागचं दार नाही. ते नसणं हेच तर तुम्ही विकत घेतलेलं असतं.

अ‍ॅडमिनला लावता यावेत असे नियम: पिनची किमान लांबी, अमुक मिनिटं काही हालचाल नसेल तर आपोआप कुलूप, फक्त-वाचन मोड, आणि चुकांची मर्यादा. फक्त-वाचन मोड अनोळखी संगणकाला ड्राइव्ह जोडताना फार उपयोगी, कारण तिथला विषाणू ड्राइव्हवर काही लिहू शकत नाही. स्वतःला नष्ट करणारा वेगळा पिन काही ड्राइव्हमध्ये असतो. बॅकअपची शिस्त पक्की नसेल तर तो सुरूच करू नका. दूरून ड्राइव्ह पुसण्याची सोय ऐकायला छान वाटते, पण ड्राइव्ह इंटरनेट असलेल्या संगणकाला जोडला आणि तिथे त्याचं सॉफ्टवेअर चाललं तरच ती चालते. चोर तसं करणार नाही. हरवलेल्या ड्राइव्हचं खरं रक्षण पिनची मर्यादाच करते.

एक फसगत हमखास होते. विंडोजमध्ये ‘बिटलॉकर नसलेल्या काढत्या ड्राइव्हवर लिहू देऊ नका’ अशी पॉलिसी असते. हार्डवेअरने एन्क्रिप्ट झालेला ड्राइव्ह उघडल्यावर विंडोजला साधाच दिसतो, त्यामुळे ही पॉलिसी त्यालाही अडवते. मग पर्याय दोन: त्यावर पुन्हा बिटलॉकर चढवणं (चालतं, पण दोन पासवर्ड होतात आणि मॅकवर उघडत नाही), किंवा ती पॉलिसी काढून उपकरणाच्या ओळख-क्रमांकावरून ठरावीक ड्राइव्हनाच परवानगी देणं. खरेदीआधी हे संगणक विभागाशी बोलून घ्या.

दोन नमुने, एक आठवडा

मोठी मागणी नोंदवण्याआधी दोन ड्राइव्ह मागवा. एक वापरायला, एक बिघडवायला. दोन्हींवर महत्त्वाचा डेटा ठेवू नका.

१. आलेल्या पाकिटाचं सील पाहा, फर्मवेअरची आवृत्ती प्रमाणपत्राशी जुळवा. क्षमता खरी आहे का हे एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या मोफत साधनाने पूर्ण ड्राइव्ह भरून आणि परत वाचून तपासा. नकली ड्राइव्ह इथेच पकडला जातो, आणि कॅशे भरल्यानंतरचा खरा वेगही इथेच दिसतो.

२. बिघडवायच्या ड्राइव्हवर मर्यादेच्या निम्मे चुकीचे पिन टाका, केबल काढा, पाच मिनिटांनी पुन्हा जोडा आणि उरलेले टाका. मोजणी जिथे थांबली तिथूनच पुढे गेली पाहिजे. ती शून्यापासून सुरू झाली तर ड्राइव्ह परत करा. काही मॉडेलमध्ये मध्येच एक विशिष्ट अंकक्रम टाकल्यावरच पुढचे प्रयत्न करता येतात. ते मुद्दाम असतं, माहितीपुस्तिकेत पाहा.

३. मर्यादा ओलांडल्यावर ड्राइव्ह नव्याने तयार करा आणि जुना डेटा दिसत नाही ना ते पाहा. फॉरमॅट करायला सांगणारा कोरा ड्राइव्ह दिसला पाहिजे.

४. दुसऱ्या ड्राइव्हवर वापरकर्त्याचा पिन ‘विसरा’ आणि अ‍ॅडमिनकडून परत मिळवा. हे ज्या माणसाने पुढे करायचं आहे त्याच्याकडूनच करवून घ्या, पुस्तिका समोर ठेवून.

५. ड्राइव्ह उघडा असताना लॅपटॉप झोपवा, स्क्रीन बंद करा, रीस्टार्ट करा. प्रत्येक वेळी ड्राइव्ह कुलूपबंद झाला की उघडाच राहिला याची नोंद करा. काही ड्राइव्हमध्ये रीस्टार्टलाही उघडं ठेवणारा मोड असतो. प्रणाली ड्राइव्हवरून सुरू करायची असेल तेव्हाच तो लागतो, इतरांसाठी बंद ठेवा.

६. तुमच्या कागदावरच्या प्रत्येक प्रकारच्या यंत्राला एकदा जोडून पाहा. जुन्या रेकॉर्डरला ड्राइव्ह फॅट३२ मध्येच लागतो आणि मग ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, अशा गोष्टी इथे कळतात.

वाटप झाल्यावर

प्रत्येक ड्राइव्हची नोंद ठेवा: अनुक्रमांक, मॉडेल, फर्मवेअर, प्रमाणपत्र क्रमांक, कोणाकडे दिला, कधी. ड्राइव्ह हरवल्यावर ‘तो एन्क्रिप्टेड होता’ हे सिद्ध करायला हीच नोंद लागते. युरोपच्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्यात कलम ३४ प्रमाणे डेटा वाचता न येण्याजोगा असेल तर संबंधित व्यक्तींना कळवण्याची सक्ती राहत नाही. पण ते दाखवून देण्याची जबाबदारी कंपनीची असते. पिन ड्राइव्हवर किंवा त्याच्या पाउचमध्ये चिकटवलेला सापडला तर ही सगळी तटबंदी फुकट जाते, म्हणून वर्षातून एकदा ड्राइव्ह आणि पाउच प्रत्यक्ष पाहा.

उघडलेला ड्राइव्ह हा साधा ड्राइव्ह असतो. खंडणीचा विषाणू त्यावरच्या फायली तशाच कुलूपबंद करतो, जशा लॅपटॉपवरच्या. काम झालं की काढून ठेवा, आणि या ड्राइव्हवर डेटाची एकमेव प्रत कधीच ठेवू नका. एन्क्रिप्टेड ड्राइव्ह बिघडला तर डेटा परत काढणाऱ्या प्रयोगशाळेलाही मेमरीच्या चिपांतून काही वाचता येत नाही. साध्या एसएसडीत असते तेवढीही आशा इथे नाही.

कपाटात वर्षानुवर्षं ठेवण्यासाठी एसएसडी नाहीत. जेडेक या मानक संस्थेच्या निकषाप्रमाणे साध्या वापराच्या एसएसडीने त्याची लेखनमर्यादा संपल्यावर ३० अंश सेल्सियसला वीज नसताना एक वर्ष डेटा राखायचा असतो. कमी वापरलेला ड्राइव्ह जास्त टिकतो, उष्ण जागी ठेवलेला कमी. दर सहा महिन्यांनी जोडा, काही फायली उघडून पाहा, कीपॅडच्या ड्राइव्हची बॅटरी चार्ज होऊ द्या.

ड्राइव्ह निकाली काढताना त्यावर शून्यं लिहीत बसू नका. एसएसडीत काही जागा संगणकाला दिसतच नाही, तिथे जुना मजकूर राहतो. रीसेट करून डेटाची चावी नष्ट करा, नवा पिन ठेवून ड्राइव्ह कोरा असल्याची खात्री करा, अनुक्रमांकासमोर तारीख आणि सही घ्या. रीसेट होत नसेल इतका ड्राइव्ह बिघडला असेल, तर कवच उघडून मेमरीच्या चिपा एकेक करून फोडा.